यीस्टमध्ये गॅल-१ चालू करायचाय? मग आदल्या दिवसापासून सुरुवात करा

गॅल-१ हा यीस्टचा गॅलॅक्टोज ही साखर पचवायचा जीन, आणि तो चालू झाला का ते आपण ट्यूब पिवळी होते का यावरून बघतो. दरवर्षी एमएस्सीच्या प्रोजेक्टांचा सीझन आला की तोच प्रश्न समोर येतो. "मॅडम, गॅलॅक्टोज घातलं, चार तास झाले, तरी पिवळं होत नाहीये, प्लाझ्मिड गेलं का?" प्लाझ्मिड, म्हणजे पेशीत घातलेलं डीएनएचं छोटं कडं, बहुतेक वेळा ठणठणीत असतं. गडबड आदल्या दिवशीच होऊन गेलेली असते, एकतर कुठूनतरी ग्लुकोज आत शिरलेलं असतं नाहीतर पेशी गॅलॅक्टोज मिळेपर्यंत वाढून वाढून थकलेल्या असतात. म्हणून इथे गॅलॅक्टोज ओतण्यापेक्षा त्याच्या आधीच्या दोन दिवसांवर मी जास्त लिहिणार आहे.

धरून चालते की तुमच्याकडे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी आहे, म्हणजे आपलं बेकरीवालं यीस्ट, आणि त्यात गॅल-१ च्या प्रमोटरला (जीन चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा) जोडलेला लॅक-झेड रिपोर्टर आहे (बीटा-गॅलॅक्टोसिडेज, थोडक्यात बीटा-गॅल, हे मोजता येणारं एन्झाइम बनवणारा जीन), युरा मार्करच्या प्लाझ्मिडवर, म्हणजे युरासिल नसलेल्या मीडियात प्लाझ्मिडवाल्या पेशीच वाढतात. तुम्हाला प्रमोटर किती चालू झाला ते बीटा-गॅल अ‍ॅसेने मोजायचंय.

आधी एवढं डोक्यात पक्कं बसू द्या

या प्रमोटरला दोन कुलपं आहेत. पहिलं ग्लुकोजचं: ग्लुकोज असेपर्यंत मिग-१ हा रिप्रेसर प्रमोटरवर बसून तो दाबतो, आणि वर गॅल-४ या अ‍ॅक्टिव्हेटरचं उत्पादनही कमी करतो. दुसरं गॅल-८० चं: ग्लुकोज नसलं तरी गॅल-८० हा गॅल-४ ला धरून ठेवतो. गॅलॅक्टोज आलं की गॅल-३ ला ते कळतं, तो गॅल-८० ला बाजूला ओढतो आणि गॅल-४ मोकळा होतो. म्हणजे गॅलॅक्टोज उघडतं ते फक्त दुसरं कुलूप. पहिलं तुम्हालाच उघडायचंय, ग्लुकोज काढून. रॅफिनोज वापरतो ते याचसाठी, ते दाबतही नाही आणि चालूही करत नाही, पेशी त्यावर वाढत राहतात आणि तयार राहतात.

१. स्ट्रेन बघून घ्या

फ्रीजरमधून कुठलीही व्हायल काढून सुरू करू नका, जीनोटाइप वाचा. बीवाय४७४१ आणि डब्ल्यू३०३ चालतात. मूळ एस२८८सी मध्ये गॅल-२ म्हणजे गॅलॅक्टोज आत आणणारा ट्रान्सपोर्टरच म्यूटंट आहे, तो घेऊ नका. टू-हायब्रिडचे, म्हणजे प्रोटीनच्या जोड्या शोधायला बनवलेले, स्ट्रेन (एएच१०९, वाय१९०, वाय१८७ वगैरे) तर अजिबात नको, त्यांच्यात गॅल-४ आणि गॅल-८० दोन्ही मुद्दाम काढलेले असतात, कितीही गॅलॅक्टोज ओता, काही होणार नाही. गॅल-७ किंवा गॅल-१० डिलीट असेल तर गॅलॅक्टोज त्या पेशींना विषासारखं लागतं. डब्ल्यू३०३ वापरत असाल तर अ‍ॅडेनिन जरा जास्त द्या, नाहीतर पेशी लाल-गुलाबी होतात आणि तो रंग पुढे मोजणीत अडचण करतो.

*तपासा:* स्ट्रेन ग्लिसरॉलच्या प्लेटवर स्ट्रीक करा. वाढला नाही तर तो पेटीट झालाय, मायटोकॉन्ड्रिया निकामी झालेत, तो टाकून द्या आणि ग्लिसरॉल स्टॉकमधून नवा काढा.

सोबत काय काय हवं ते आत्ताच ठरवा: तुमचा स्ट्रेन रिपोर्टरसकट, तोच स्ट्रेन रिकाम्या प्लाझ्मिडसकट, आणि मिळाला तर गॅल-४ डिलीट स्ट्रेन रिपोर्टरसकट. ट्रान्सफॉर्मेशनच्या प्लेटवरून तीन वेगवेगळ्या कॉलनी घ्या. एकाच कॉलनीची तीन ट्यूबमध्ये वाटणी करून त्याला तीन रेप्लिकेट म्हणणं ही फार जुनी चूक आहे. प्लाझ्मिड निवडता येत असेल तर सेंट्रोमिअरचं घ्या किंवा रिपोर्टर जीनोममध्येच बसवा, टू-मायक्रॉनवाल्या प्लाझ्मिडच्या खूप कॉपी असतात, प्रत्येकीवर गॅल-४ च्या बसायच्या जागा, आणि पेशीत गॅल-४ मुळातच थोडा असतो, तो वाटला जातो.

*इशारा:* गॅलॅक्टोजच्या प्लेटवर ठेवलेली कॉलनी घेऊ नका. जी पेशी आधी गॅलॅक्टोजमध्ये राहून आली आहे ती पुढच्या वेळी लवकर चालू होते, आधी बनलेलं गॅल-१ प्रोटीन काही पिढ्या टिकून राहतं म्हणून. तुमचा टाइम कोर्स त्याने बिघडतो.

२. मीडिया आणि साखरा: ग्लुकोज इथूनच शिरतं

या पायरीवर घाई नको, सगळ्यात जास्त प्रयोग इथे मरतात.

एससी मायनस युरा (युरासिल नसलेला सिंथेटिक मीडिया) बनवताना यीस्ट नायट्रोजन बेसचा डबा हातात घेऊन लेबल शेवटपर्यंत वाचा. अमिनो अ‍ॅसिड नसलेला पण अमोनियम सल्फेट असलेला असेल तर लिटरला ६.७ ग्रॅम. अमोनियम सल्फेट नसलेला असेल तर १.७ ग्रॅम आणि वरून ५ ग्रॅम अमोनियम सल्फेट. हे उलटंपालटं झालं की पेशी रडतखडत वाढतात आणि मुलं रॅफिनोजला दोष देत बसतात. आणि दुसरं, बाजारात तयार मिनिमल बेस मिळतात त्यातल्या काहींमध्ये डेक्स्ट्रोज आधीच घातलेलं असतं. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. हे सगळ्यांना माहीत असतं, पण डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असलं की डोळ्यांखालून निसटतं.

बेस साखरेशिवाय ऑटोक्लेव्ह करा. साखरा वेगळ्या, २०% चे स्टॉक, ०.२ मायक्रॉन फिल्टरमधून. गॅलॅक्टोज आणि रॅफिनोज ऑटोक्लेव्ह करायच्या भानगडीत पडू नका. रॅफिनोज साधारण पेंटाहायड्रेट म्हणून येतं, म्हणजे वजनात १५% च्या आसपास पाणीच असतं, ते धरून वजन करा. विरघळायला ते फार वेळ घेतं, बीकरच्या तळाशी पांढरी साय बसल्यासारखं दिसतं आणि ढवळून ढवळून हात दुखतो, कोमट वॉटर बाथमध्ये ठेवून स्टरर लावा आणि पाणी शेवटी मापापर्यंत भरा.

आता गॅलॅक्टोज. स्वस्त गॅलॅक्टोजमध्ये ग्लुकोजची भेसळ असते, मुद्दाम नाही, शुद्धीकरण तेवढं केलेलं नसतं म्हणून. ०.१% पेक्षा कमी ग्लुकोज असं स्पष्ट लिहिलेलं गॅलॅक्टोज मागवा. आमच्याकडे एका मुलीचे तीन आठवडे यात गेले. ग्राफ बघितला की पहिले दोन-अडीच तास सपाट रेघ आणि मग एकदम चढ, आणि आम्ही सगळे प्लाझ्मिड सिक्वेन्स करत बसलो. शेवटी तिने स्वतःच जीओडी-पीओडी किट काढलं, तेच जे पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातली साखर बघायला असतं, आणि गॅलॅक्टोजच्या स्टॉकचा एक थेंब त्यात घातला. ट्यूब गुलाबी झाली. पेशी आधी ती ग्लुकोजची भेसळ खात होत्या आणि मग गॅलॅक्टोजकडे वळत होत्या, बाकी काही नव्हतं.

*तपासा:* नवीन बाटली उघडली की हीच टेस्ट करा, कारण ग्लुकोज ऑक्सिडेज गॅलॅक्टोजला जवळपास हात लावत नाही. २०% स्टॉकमध्ये वजनाने ०.१% भेसळ असेल तर ते डेसिलिटरला २० मिलीग्रॅम होतं, एवढं किटला सहज दिसतं. किटमधल्या १०० च्या स्टँडर्डशी तुलना करा.

३. स्टार्टर आणि रात्रीचं कल्चर

सोमवारी सकाळी कॉलनी घ्या, ३ मिली एससी मायनस युरा २% रॅफिनोजमध्ये, ३० अंशांवर शेकरला. लूपने उचलताना प्लेटमधला अगर (खालची जेली) खरवडू नका, प्लेट ग्लुकोजची असते. मंगळवारी संध्याकाळपर्यंत दाट होईल. मग त्यातून पुन्हा ताज्या रॅफिनोज मीडियात रात्रीसाठी पातळ करा. रॅफिनोजचे हे दोन टप्पे झाले की प्लेटवरून आलेलं ग्लुकोज संपलेलं असतं आणि पेशी रॅफिनोजला सरावलेल्या असतात.

वायपीडीमधून (भरपूर पोषणाचा, २% ग्लुकोजवाला मीडिया) थेट आणायचा शॉर्टकट घेऊ नका. हिशोब बघा: वाढत्या कल्चरमध्ये ग्लुकोज शिल्लक असतंच, त्यातले १ मिली जर ५० मिलीत घातले तर ०.०४% पर्यंत ग्लुकोज सोबत जातं. एवढं पुरतं. शिवाय वायपीडीत युरासिल भरपूर, तिथे प्लाझ्मिड सांभाळायची पेशीला गरजच नसते आणि काही पेशी ते टाकून देतात. आणणं भागच असेल तर सेंट्रिफ्यूज करून निर्जंतुक पाण्याने दोनदा धुवा, आणि धुतल्यावरसुद्धा रॅफिनोजमध्ये निदान दोन-तीन पिढ्या जाऊ द्या.

रात्रीसाठी किती पातळ करायचं ते अंदाजाने नको, गणिताने करा. एससी रॅफिनोजमध्ये दुप्पट व्हायला साधारण ३ तास धरा (तुमच्या स्ट्रेनचा आकडा एकदा स्वतः काढून ठेवा, अडीच ते साडेतीन काहीही असू शकतो). संध्याकाळी ६ ला सुरू केलं आणि सकाळी ९ ला ओडी ६०० (कल्चरची गढूळता, म्हणजे पेशी किती दाट ते) बरोबर ०.४ हवं, म्हणजे १५ तास, ५ वेळा दुप्पट, ३२ पट. मग सुरुवात ०.४ भागिले ३२, म्हणजे ०.०१२५ ला करा.

सकाळी ओडी १.५ दिसलं तर "चालतंय की" म्हणून पुढे जाऊ नका. ०.१ ला पातळ करा आणि दोनदा दुप्पट होईपर्यंत थांबा. सहा तास जातील, जाऊ द्या. दाट कल्चरमधल्या पेशी अर्ध्या झोपेत असतात, त्यांच्यावर केलेलं इंडक्शन दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच येत नाही.

फ्लास्क कल्चरच्या पाचपट मोठा हवा, ५० मिलीला २५० चा. आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये एक गोष्ट आवर्जून बघा, शेकरला कूलिंग नसेल तर बाहेर ३८ असताना आत ३० राहूच शकत नाही, डिस्प्ले काही का म्हणेना. आत पाण्याच्या फ्लास्कमध्ये थर्मामीटर ठेवून वाचा. पेशी ३७ च्या आसपास गेल्या की हीट शॉकचे जीन चालू होतात आणि तुम्ही मोजताय ते नक्की काय, हे सांगता येत नाही.

४. इंडक्शन

ओडी ०.३ ते ०.५ आहे, पेशी वाढत्या आहेत (अर्ध्या-एक तासाच्या अंतराने दोनदा ओडी घेऊन खात्री करा), आता एकाच कल्चरचे तीन भाग करा, प्रत्येकी ४५ मिली:

पहिल्यात ५ मिली २०% गॅलॅक्टोज.
दुसऱ्यात ५ मिली २०% ग्लुकोज.
तिसऱ्यात ५ मिली निर्जंतुक पाणी, म्हणजे हा रॅफिनोजचाच राहिला.

४५ अधिक ५, असं. ५० मध्ये ५ घातले तर २% होत नाही, १.८२% होतं. आणि पाण्याचा फ्लास्क विसरू नका, कारण ५ मिली घातल्याने बाकी दोन्ही पातळ झालेत, तिसराही तेवढाच पातळ व्हायला हवा. साखरेचे स्टॉक आणि पाणी आधीच ३० अंशांना आणून ठेवा, फ्रीजमधलं गार गॅलॅक्टोज थेट ओतलं तर पेशींना धक्का बसतो.

*इशारा:* "शून्य मिनिट"चा नमुना गॅलॅक्टोज घालण्याच्या आधी घ्यायचा असतो. घातल्यावर पिपेट शोधत दहा मिनिटं गेली तर तो शून्य नाही, कारण रॅफिनोजमधून आलेल्या पेशींमध्ये गॅल-१ चा एमआरएनए (जीन चालू झाल्यावर निघणारी त्याची आरएनए प्रत) १०-१५ मिनिटांतच दिसायला लागतो.

५. नमुने

बीटा-गॅलसाठी ०, ३०, ६०, १२०, २४० मिनिटं पुरतात. दर वेळी १ मिली सेंट्रिफ्यूज ट्यूबमध्ये बर्फावर, आणि वेगळा १ मिली ओडी ६०० साठी. ओडी ०.५ च्या वर गेलं की पातळ करून वाचा, बऱ्याच जुन्या स्पेक्ट्रोफोटोमीटरांची सरळ रेघ तिथे वाकायला लागते.

पेशी ३ मिनिटं फिरवून खाली बसवा, मीडिया काढा, १ मिली झेड बफरने (कृती पुढच्या पायरीत आहे) एकदा धुवा आणि पुन्हा १ मिली झेड बफरमध्येच मिसळा. पेलेट एवढासा असतो, ट्यूबच्या भिंतीवर पुसटसा डाग, व्हॅक्यूमने ओढू नका, पिपेटने हळू काढा. धुणं बरेच जण गाळतात. गाळू नका, गॅलॅक्टोज या एन्झाइमला थोडंफार अडवतं, आणि ते फक्त तुमच्या इंड्यूस केलेल्या ट्यूबमध्येच असतं, म्हणजे चूक नेमकी एकाच बाजूला पडते.

६. बीटा-गॅल अ‍ॅसे

झेड बफर: ६० मिलीमोलर डायसोडियम फॉस्फेट, ४० मिलीमोलर मोनोसोडियम फॉस्फेट, १० मिलीमोलर पोटॅशियम क्लोराइड, १ मिलीमोलर मॅग्नेशियम सल्फेट, पीएच ७.०. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल त्याच दिवशी घाला, १०० मिलीला ०.२७ मिली, फ्यूम हूडमध्ये. महिनाभर आधी घालून ठेवलेलं चालत नाही. ओएनपीजी (बीटा-गॅलने तोडलं की पिवळा रंग देणारा पदार्थ) मिलीलिटरला ४ मिलीग्रॅम, फॉस्फेट बफरमध्ये, विरघळायला तास लागू शकतो, आणि बनवल्यावर आधीच पिवळसर दिसलं तर फेकून द्या.

क्रम असा, हलवाहलव नको:

१) ट्यूबमध्ये पेशी आणि झेड बफर मिळून १ मिली. गॅलॅक्टोजच्या नमुन्याचे ०.१ मिली पेशी, ग्लुकोज-रॅफिनोजच्या ०.८ मिली.
२) ५० मायक्रोलिटर ०.१% एसडीएस, ५० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म, १५ सेकंद जोरात व्हॉर्टेक्स. सगळ्या ट्यूबना सारखाच वेळ.
३) ३० अंशांवर ५ मिनिटं.
४) ०.२ मिली ओएनपीजी. घड्याळ सुरू. ट्यूबा १५-१५ सेकंदांच्या अंतराने.
५) फिकट लिंबासारखा रंग आला की ०.५ मिली १ मोलर सोडियम कार्बोनेट, आणि वेळ लिहून ठेवा.
६) १० मिनिटं फिरवा, वरचं पाणी घ्या, तळाच्या क्लोरोफॉर्मला टिप लावू नका, ओडी ४२० वाचा.

क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरीन खातं. ट्यूब पॉलिप्रॉपिलीनची किंवा काचेची घ्या, आणि पारदर्शक प्लास्टिक क्युव्हेटमध्ये क्लोरोफॉर्मचा थेंबही जाऊ देऊ नका, क्युव्हेट दुधी होते आणि ओडी भलतंच वाढतं.

सगळ्यात मोठी चूक पाचव्या पायरीवर होते, सगळ्या ट्यूब एकाच वेळी थांबवणं. गॅलॅक्टोजची ट्यूब पाच मिनिटांत पिवळी होते, रॅफिनोजची दोन तास घेते. एका वेळेला थांबवल्या तर एक जळजळीत पिवळी, तिथे ओएनपीजी संपून गेलेलं, आणि दुसरी पाण्यासारखी. प्रत्येक ट्यूब तिच्या रंगाने थांबवा, ओडी ४२० हे ०.१ ते ०.९ मध्ये पडलं पाहिजे. कार्बोनेट घातल्याबरोबर रंग एकदम गडद होतो, पीएच वाढतो म्हणून, तेव्हा डोळ्याला थोडा फिका असतानाच थांबवायचं.

*तपासा:* पेशी नसलेली एक ब्लँक ट्यूब सगळ्यात लांबच्या वेळेइतकीच ठेवली आहे ना? ओएनपीजी स्वतःहूनही हळूहळू तुटतं, दोन तासांच्या ट्यूबला पाच मिनिटांचा ब्लँक लावून उपयोग नाही.

७. आकडेमोड

मिलर युनिट = १००० × ओडी ४२० ÷ (मिनिटं × मिली × ओडी ६००)

समजा गॅलॅक्टोजचं ओडी ४२० आलं ०.६०, वेळ ६ मिनिटं, पेशी ०.१ मिली, ओडी ६०० होतं ०.५. म्हणजे ६०० भागिले ०.३, २००० युनिट. रॅफिनोजचं ०.१२, वेळ १२० मिनिटं, ०.८ मिली, ओडी ०.५, म्हणजे १२० भागिले ४८, अडीच युनिट. फरक ८०० पट. आता हाच रॅफिनोजचा आकडा चुकून ५ झाला तर फरक ४०० पटच दिसेल, म्हणून जास्त मेहनत त्या फिक्या ट्यूबवर घ्या, पिवळ्याधमक ट्यूबवर नाही.

ओडी ६०० हे कल्चरचं, मिली हेही कल्चरचे. १ मिली कल्चर १ मिली बफरमध्ये घेतलं म्हणून इथे सोपं आहे. तुम्ही २ मिली कल्चर १ मिलीत मिसळलं आणि त्यातले ०.८ घेतले तर सूत्रात १.६ टाकायचे. रिकाम्या प्लाझ्मिडच्या स्ट्रेनचे युनिट शेवटी सगळ्यांतून वजा करा.

८. जीन बंद होताना बघायचं असेल तर आरएनए

इथे लॅक-झेड उपयोगाचा नाही. बीटा-गॅल टिकाऊ एन्झाइम आहे, ग्लुकोज घालून प्रमोटर बंद झाला तरी आधी बनलेलं तसंच राहतं, पेशी वाटल्या जातील तसा आकडा हळूहळू उतरतो, आणि त्यावरून "रिप्रेशनला चार तास लागतात" असं लिहिलेले रिपोर्ट मी तपासले आहेत. एमआरएनए काही मिनिटांत खाली येतो. तेव्हा ०, ५, १०, २०, ४० मिनिटांना पेशी घ्या, झटपट फिरवा, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, बेंचवर गप्पा मारत ठेवू नका, कारण पेलेटमध्येसुद्धा पेशी जिवंत असतात आणि बदलत राहतात.

यीस्टच्या बहुतेक जीनमध्ये इंट्रॉन (एमआरएनएतून कापून टाकले जाणारे तुकडे) नसतात, गॅल-१ मध्येही नाही, त्यामुळे इंट्रॉन ओलांडणारे प्रायमर करून डीएनएची भेसळ ओळखायची सोय नाही. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या आणि प्रत्येक नमुन्याची रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नसलेली ट्यूब लावा, एखाद्याच नमुन्याची नाही. रेफरन्सला फक्त अ‍ॅक्ट-१ धरू नका, साखर बदलली की तो हलतो, टीएएफ-१० किंवा एएलजी-९ सोबत घ्या.

आकडे वेडेवाकडे आले तर इथे बघा

गॅलॅक्टोजमध्ये दोन-तीन तास काहीच नाही, मग अचानक चढ: ग्लुकोज आहे. साखरेची बाटली, बेसचा डबा, स्टार्टर, याच क्रमाने शोधा.

गॅलॅक्टोजमध्ये शेवटपर्यंत काहीच नाही: आधी स्ट्रेन, मग मरकॅप्टोइथेनॉल घातलं होतं का, मग प्लाझ्मिड.

रॅफिनोजमध्येच आकडा मोठा: गॅल-८० शाबूत आहे का बघा, आणि रॅफिनोज-गॅलॅक्टोजच्या फ्लास्कांची लेबलं बदलली नाहीत ना तेही.

तीन कॉलनींपैकी एकच कमी: ती कॉलनी युरा असलेल्या आणि नसलेल्या प्लेटवर पसरवा आणि मोजा, किती पेशींत प्लाझ्मिड उरलंय ते कळेल.

गॅलॅक्टोज कमी ठेवलंय किंवा सोबत थोडं ग्लुकोज मुद्दाम ठेवलंय आणि आकडा मधलाच येतोय: तो सगळ्या पेशींचा मधला आकडा असेलच असं नाही. अर्ध्या पेशी पूर्ण चालू आणि अर्ध्या पूर्ण बंद असंही या जीनमध्ये होतं, आणि ट्यूबमधला पिवळा रंग दोन्हीला सारखाच दिसतो. तिथे लॅक-झेड सोडून जीएफपी (चमकणारं प्रोटीन) लावा आणि फ्लो सायटोमीटरवर एकेक पेशी बघा.